रिमोट जिवंत आहे तोवर: घरातल्या उपकरणांचे इन्फ्रारेड कोड टिपून ठेवण्याची पद्धत

मालवणजवळच्या आमच्या घरी तीन वर्षांपूर्वी ऐन जुलैत टीव्हीचा रिमोट गेला. हरवला नाही. पावसाळी, खारट हवेने आतल्या पट्टीवर हिरवट थर चढला आणि एकेक बटण मरत गेलं. आजी रोज सांगायची, "टीव्ही लागता, पण आवाज वाढना नाय." टीव्ही धडधाकट होता, पण ते मॉडेल बाजारातून कधीच गेलं होतं. कुडाळहून 'सेम टू सेम' म्हणून आणलेल्या रिमोटने टीव्ही चालू-बंद व्हायचा, बाकीची बटणं भलतंच काहीतरी करायची. आवाजासाठी आजीला दर वेळी उठून टीव्हीच्या पाठीमागचं बटण चाचपावं लागे. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखतात, आणि घरात दिवसभर दुसरं कोणी नाही.

तो रिमोट चांगला होता तेव्हा त्याचे सगळे कोड टिपायला मला अर्धा तास पुरला असता. ती रुखरुख अजून आहे. तेव्हापासून वाडीतल्या घरांतले आणि तारकर्लीला मामेभावाच्या होमस्टेमधले रिमोट मी एकेक करून टिपत आलोय. खाली लिहिलंय ते त्या कामातून हाताला लागलेलं. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं असण्याची गरज नाही. चार तारा जोडता आल्या आणि वही नीट ठेवता आली की झालं. त्यातही वही जास्त महत्त्वाची.

रिमोट इन्फ्रारेडचा आहे ना, हे आधी बघा

फोनचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर फिकट जांभळा किंवा पांढरट ठिपका लुकलुकला तर रिमोट इन्फ्रारेडचा. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, म्हणून पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा. रिमोट खराब आहे की टीव्ही, हेही याच परीक्षेत कळतं. ठिपका दिसतोय तरी टीव्ही ढिम्म, म्हणजे दोष बहुधा टीव्हीच्या बाजूला.

काहीच दिसलं नाही आणि सेल नवे असतील तर तो रिमोट रेडिओ लहरींवरचा किंवा ब्लूटूथचा असू शकतो. माईकचं बटण असलेले नव्या टीव्हीचे आणि स्ट्रीमिंग स्टिकचे रिमोट बरेचसे ब्लूटूथचे असतात. त्यातल्या काहींची फक्त पॉवर आणि आवाजाची बटणं इन्फ्रारेडवर चालतात, म्हणून प्रत्येक बटण वेगळं तपासा. ब्लूटूथची बटणं या पद्धतीने टिपता येत नाहीत.

बटण दाबल्यावर काय जातं

रिमोटच्या तोंडावरचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड फेकतो. तो उजेड नुसता चालू-बंद होत नाही. चालू असतानाही तो सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा, म्हणजे ३८ किलोहर्ट्झने, थरथरतो. या थरथरीला कॅरिअर म्हणतात. खोलीतल्या ऊन-दिव्यांच्या उजेडातून रिमोटचा उजेड वेगळा ओळखता यावा, म्हणून ही सोय. थरथरत्या उजेडाचे लहान-मोठे झोत आणि त्यांच्यामधल्या लहान-मोठ्या शांततांमधून शून्य आणि एक यांची माळ तयार होते.

सगळ्यात जास्त आढळणारी पद्धत एनईसी नावाची. तिचं एक उदाहरण पक्कं समजून घ्या, बाकीच्या आपोआप कळत जातील. सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता. त्यानंतर ३२ बिट, म्हणजे ३२ शून्य-एक. प्रत्येक बिटाची सुरुवात सुमारे ५६० मायक्रोसेकंदांच्या झोताने होते. त्यामागची शांतताही तेवढीच असेल तर शून्य, तिप्पट म्हणजे सुमारे १,६९० मायक्रोसेकंद असेल तर एक. ३२ बिटांपैकी पहिले ८ उपकरणाचा पत्ता सांगतात, पुढचे ८ तोच पत्ता उलटा करून (शून्याचा एक, एकाचा शून्य) सांगतात, मग ८ बटणाच्या आज्ञेचे आणि शेवटचे ८ त्या आज्ञेचे उलटे. उलटं रूप सोबत असल्याने चुकीचं ऐकू आलेलं लगेच पकडलं जातं. बटण दाबून धरलं तर अख्खा संदेश पुन्हा जात नाही. साधारण दर ११० मिलिसेकंदांनी 'तेच चालू ठेव' एवढाच एक छोटा संकेत जातो.

फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ किलोहर्ट्झवर चालते आणि १४ बिटांची असते. सोनीची ४० किलोहर्ट्झवर, १२, १५ किंवा २० बिटांची. सॅमसंगच्या टीव्हीची पद्धत एनईसीसारखीच, पण सुरुवातीचा झोत ९ ऐवजी ४.५ मिलिसेकंदांचा. एसीचं प्रकरण वेगळं आहे, त्याकडे पुढे सावकाश येतो.

सामान

ईएसपी८२६६ चिप असलेला नोडएमसीयू बोर्ड (प्रोग्रॅम चढवता येणारा छोटा कॉम्प्युटरच), ३८ किलोहर्ट्झचा रिसीव्हर, ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी, २एन२२२२ ट्रान्झिस्टर, ४७ ओहम, १०० ओहम आणि १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर. गावात हे मिळत नाही, पण कुरिअरने येतं.

आर्डुइनो ऊनो या तसल्याच दुसऱ्या बोर्डावरही हे काम होतं, पण त्याची मेमरी अवघी २ किलोबाइट. टीव्हीसाठी ती पुरते, एसीच्या लांबलचक संदेशाला अपुरी पडते. म्हणून सुरुवातीपासून ईएसपी८२६६ घ्या.

रिसीव्हर घेताना एक गोष्ट सांभाळा. टीएसओपी१७३८ आणि टीएसओपी३८२३८ दिसायला भावंडं, पण पायांचा क्रम वेगळा. घुमट आपल्याकडे करून डावीकडून मोजलं तर ३८२३८ चे पाय आउटपुट, ग्राउंड, व्होल्टेज असे येतात. १७३८ चे ग्राउंड, व्होल्टेज, आउटपुट असे. शिवाय १७३८ ला सुमारे ५ व्होल्ट लागतात, ३८२३८ मात्र ३.३ व्होल्टवर सुखाने चालतो आणि नोडएमसीयूला तोच सोयीचा. उलटा जोडला तर तो तापतो. बोट लावून चटका बसला तर लगेच वायर काढा.

इन्फ्रारेड ब्लास्टर (रिमोटसारखे कोड पाठवणारा एलईडी) असलेला फोन तुमच्याकडे असेल तर तो पुढे तपासणीला कामी येईल. पण असे फोन सहसा कोड फक्त पाठवतात, वाचत नाहीत. टिपण्यासाठी रिसीव्हर लागतोच.

जोडणी आणि प्रोग्रॅम

रिसीव्हरचं ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडा आणि आउटपुट डी५ या पिनला. ३.३ व्होल्टची वायर रिसीव्हरच्या व्होल्टेजच्या पायाला १०० ओहममधून न्या. त्या पायाच्या आणि ग्राउंडच्या मध्ये कपॅसिटर टाका. स्वस्त चार्जरच्या खरखरीने खोटे संकेत येतात, ते यामुळे कमी होतात.

कॉम्प्युटरवर आर्डुइनो आयडीई हे बोर्डावर प्रोग्रॅम चढवायचं सॉफ्टवेअर घ्या, त्याच्या बोर्डांच्या यादीत ईएसपी८२६६ चे बोर्ड जोडा आणि लायब्ररी मॅनेजरमधून 'आयआर-रिमोट-ईएसपी८२६६' ही लायब्ररी (तयार प्रोग्रॅमचा संच) बसवा. तिच्या उदाहरणांत 'आयआर-रिसीव्ह-डंप-व्ही२' नावाचा तयार प्रोग्रॅम आहे. तो जसाच्या तसा बोर्डावर चढवा, कारण तो डी५ वरच ऐकतो. सिरिअल मॉनिटर, म्हणजे बोर्ड काय सांगतोय ते दाखवणारी खिडकी, उघडून वेग १,१५,२०० ठेवा. रिसीव्हरसमोर कुठलाही रिमोट दाबला की स्क्रीनवर ओळी उतरू लागतील. हे सगळं नेट चांगलं असताना एकदाच डाउनलोड करून ठेवा. पुढचं काम नेटशिवाय चालतं.

रिमोट तयार करा

नवे सेल घाला. मेलेल्या सेलवर टिपलेला संकेत अधूनमधून तुटका येतो. आपल्याकडे रिमोटला प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवायची पद्धत आहे, ते टिपताना काढा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी ते पावसाळ्यात कायमचंच काढावं, कारण आत शिरलेली ओल मग बाहेर पडत नाही आणि रिमोट आतून कुजतो.

सेलच्या स्प्रिंगवर हिरवं-पांढरं चढलं असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं लिंबू किंवा व्हिनेगर घेऊन पुसा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकवा. आमच्याकडे तांब्या-पितळेला आमसूल लावायची सवय, म्हणून एका काकूंनी स्प्रिंगला कोकमाचं आगळ लावलं होतं. आगळात मीठ असतं, आणि मिठामुळेच तर हे सगळं गंजतंय. ते लावू नका.

बटण दाबलं तरी संकेत जात नसेल तर रिमोट उघडून रबरी बटणांच्या खालचे काळे ठिपके आणि पट्टीवरच्या काळ्या रेघा अल्कोहोलने हलकेच पुसा. खूप घासू नका, तो कार्बनचा पातळ थर आहे. असं पुसून दोन दिवस जरी रिमोट चालला तरी बस्स, तेवढ्यात त्याचे सगळे कोड टिपून होतात.

टिपायला बसणं

जागा माजघरातली निवडा. पडवीत दुपारच्या उन्हात रिसीव्हर आंधळा होतो, कारण उन्हातही भरपूर इन्फ्रारेड असतं. जुने सीएफएल दिवे बंद करा, त्यांचीही थरथर याच पट्ट्यात येते. रिमोट रिसीव्हरपासून वीतभर लांब, सरळ समोर धरा. अगदी चिकटवून धरला तर झोतांची लांबी बिघडते.

बटण एकदाच, टपकन दाबून सोडा. स्क्रीनवर प्रोटोकॉलचं, म्हणजे एनईसी, आरसी-५ अशा पद्धतीचं, नाव, बिटांची संख्या, कोड आणि खाली मायक्रोसेकंदांची लांब रांग येईल. रांगेतले पहिले दोन आकडे ९,००० आणि ४,५०० च्या आसपास असले तर तुमचा रिमोट एनईसी घराण्यातला. आकडे नेमके ५६० न येता ५२०, ६१० असे हलतात. हा दोष नाही, रिसीव्हर झोत थोडे ताणतो आणि शांतता थोड्या आखडतो.

प्रत्येक बटण तीन वेळा टिपा. हा नियम मी कधीही मोडत नाही, कारण नंतर डोकं खाणाऱ्या बहुतेक चुका इथेच पकडता येतात.

तिन्ही वेळा एकच कोड आला तर पुढे चला. एकदा एक आणि एकदा दुसरा, असे दोनच कोड आलटून पालटून येत असतील तर तो आरसी-५ किंवा आरसी-६ चा रिमोट. त्यात एक बिट दर नव्या दाबाला पालटतो. त्यामुळे बटण दाबून धरलंय की पुन्हा दाबलंय, हे टीव्हीला कळतं. असा रिमोट टिपताना एकच रूप ठेवून तेच पाठवत राहिलात तर चॅनेल ११ लावायला गेल्यावर टीव्हीला एकच १ मिळेल. वहीत या रिमोटसमोर 'पालटता बिट' असं ठळक लिहा आणि पाठवताना प्रोग्रॅमकडून तो बिट पालटून घ्या.

कोड हेक्स आकड्यांत दिसतो, त्यात ० ते ९ च्या पुढे ए ते एफ ही अक्षरंही अंकच असतात. कोडच्या जागी नुसती एफची रांग आली तर तुम्ही बटण जास्त वेळ धरलंत. तो एनईसीचा 'तेच चालू ठेव' संकेत आहे, कोड म्हणून तो उतरवू नका. आणि प्रोटोकॉलच्या जागी 'अननोन' आलं तर समोर दिसणारा आकडा फसवा असतो. तो प्रोग्रॅमने ओळखीपुरता स्वतः बनवलेला आकडा असतो, तो पाठवून काहीही होत नाही. अशा बटणाची मायक्रोसेकंदांची अख्खी रांगच जपावी लागते.

आणखी एक सापळा. एकच कोड दोन लोक दोन तऱ्हांनी लिहितात. एलजीच्या टीव्हीचं पॉवर बटण काही यादींत २०-डीएफ-१०-ईएफ असं दिसतं, तर काहींत पत्ता ०४, आज्ञा ०८ असं. दोन्ही बरोबर आहेत. एनईसीत सगळ्यात कमी किमतीचा बिट आधी जातो. बिट जसे आले तसे डावीकडून लिहिले की ०४ चं २० होतं, ०८ चं १० होतं, आणि डीएफ व ईएफ ही त्यांची उलटी रूपं. तुमच्या संग्रहात कुठलीतरी एकच तऱ्हा ठेवा. मी पत्ता आणि आज्ञा वेगळ्या लिहितो, कारण मग एका रिमोटची सगळी बटणं एकाच पत्त्याखाली दिसतात आणि चुकलेली ओळ लगेच डोळ्यांत भरते.

कॅरिअरचं काय? हा रिसीव्हर थरथर गाळून टाकूनच आकडे देतो, म्हणून ३६, ३८ की ४० हे त्यातून कळत नाही. प्रोटोकॉल ओळखला गेला असेल तर कॅरिअर त्यावरूनच ठरतो. 'अननोन' असेल तर ३८ धरून पाठवा. उपकरण फक्त जवळूनच ऐकत असेल तर ३६ आणि ४० करून पाहा.

एसी: इथे घाई करू नका

टीव्हीचा रिमोट 'आवाज वाढव' एवढंच सांगतो. एसीचा रिमोट 'तापमान वाढव' असं कधी सांगतच नाही. तुम्ही वरचा बाण दाबला की तो अख्खी स्थिती पाठवतो: चालू, कूल, २५ अंश, पंखा मध्यम, पाती हलती, शेवटी सगळ्याची बेरीज पडताळायला एक आकडा. म्हणून रिमोटला पडदा असतो. स्थिती तोच लक्षात ठेवतो, एसी फक्त ऐकतो. हा संदेश एलजीच्या बऱ्याच एसींत २८ बिटांचा असतो, तर डायकिनच्या एका जुन्या, सर्वत्र आढळणाऱ्या पद्धतीत २८० बिटांचा.

याचा अर्थ 'तापमान वाढव' हा कोड टिपून उपयोग नाही. तो टिपला त्या क्षणाची स्थितीच तुमच्याकडे राहते. सगळ्या स्थिती टिपायच्या म्हटलं तर १६ ते ३० अंश म्हणजे १५ तापमानं, त्याला चार मोड आणि पंख्याचे चार वेग. २४० कोड झाले, आणि पाती अजून बाकीच.

त्यापेक्षा दोन वाटा आहेत. लायब्ररीला तुमच्या एसीची पद्धत ओळखता आली तर स्क्रीनवर नुसता कोड येत नाही, खाली मोड, तापमान, पंखा असं फोड करून लिहिलेलं येतं. रिमोटच्या पडद्यावरचं आणि स्क्रीनवरचं जुळतंय का, ते पाच-सहा वेगवेगळ्या स्थितींत तपासा. जुळलं तर कोड साठवायची गरजच नाही. वहीत पद्धतीचं आणि रिमोटच्या मॉडेलचं नाव लिहा, हवी ती स्थिती लायब्ररी स्वतः तयार करते.

ओळखता आली नाही तर घरात खरोखर वापरल्या जातात त्याच स्थिती टिपा. मामेभावाच्या होमस्टेसाठी आम्ही सहाच घेतल्या: बंद, कूल २४, कूल २६, कूल २८, नुसता पंखा, आणि ड्राय. ड्राय विसरू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे उकाड्यापेक्षा दमटपणाच छळतो, गाद्या-उशांना वास येतो, आणि तेव्हा हाच मोड उपयोगी पडतो. टिपण्याआधी रिमोटवर ती स्थिती पूर्ण लावून घ्या, मग शेवटचा दाब टिपा. 'बंद'साठी एसी चालू आहे असं दाखवणाऱ्या रिमोटवरून बंद दाबा.

एसीच्या संदेशात काही ठिकाणी मध्येच लांब शांतता असते आणि संदेश दोन-तीन तुकड्यांत जातो. प्रोग्रॅममधली वाट पाहण्याची मर्यादा १५ मिलिसेकंद असेल तर तो पहिल्या तुकड्यालाच पूर्ण संदेश समजतो. ती ५० ठेवा. टिपलेला एसीचा कोड संशयास्पद आखूड वाटला तर आधी हेच तपासा.

काही एसी रिमोट घड्याळाची वेळही संदेशात घालतात. तेच बटण, तीच स्थिती, तरी दहा मिनिटांनी टिपलं तर काही बिट बदललेले दिसतात. घाबरू नका, रिमोट बरोबर आहे. पण तसा कोड पाठवताना एसीचं घड्याळ मागे जाऊन टायमर चुकू शकतो, एवढी नोंद वहीत करा.

संग्रह लावणं

सुरुवातीला मी फायलींना 'हॉल टीव्ही', 'काकांचा डिश' अशी नावं दिली होती. काकांनी डिश बदलली आणि सगळा गोंधळ झाला. आता नाव उपकरणाचं किंवा माणसाचं देत नाही, रिमोटचं देतो. सेलचं झाकण उघडलं की आत किंवा पाठीवर छापलेला क्रमांक असतो, तोच खरा. एकाच कंपनीचे दोन टीव्ही वेगवेगळे कोड ऐकतात, तर वेगवेगळ्या नावांचे स्वस्त टीव्ही आतून एकच असल्याने एकाच रिमोटवर चालतात. कंपनीच्या नावावरून लावलेला संग्रह म्हणून फसतो.

माझ्या तक्त्यात प्रत्येक बटणाला एक ओळ असते. तिच्यात रिमोटचा क्रमांक, बटणाचं नाव, प्रोटोकॉल, बिट, पत्ता, आज्ञा, किती वेळा पाठवायचं, टिपल्याची तारीख, प्रत्यक्ष उपकरणावर तपासला की नाही, हे सगळं येतं. 'तपासला' हा रकाना रिकामा असेल तर तो कोड मी कोणाला देत नाही. सोनीच्या ओळीत 'किती वेळा' खाली ३ लिहा, ते टीव्ही एका संदेशावर विश्वास ठेवत नाहीत. बटणांची नावं एकाच भाषेत, एकाच तऱ्हेने ठेवा. 'आवाज+', 'व्हॉल्यूम अप', 'मोठा' अशी तीन नावं एकाच गोष्टीला पडली की शोधता येत नाही. शक्य असेल तिथे मूळ मायक्रोसेकंदांची रांगही वेगळ्या फायलीत ठेवा. उद्या लायब्ररीत नवी पद्धत आली तर जुने 'अननोन' त्यातून ओळखता येतात.

दुसऱ्यांनी केलेले संग्रह अनेक रूपांत मिळतात. प्रॉन्टो हेक्स म्हणून चार-चार अक्षरांचे गट दिसले तर दुसऱ्या गटावरून कॅरिअर कळतो. ००६डी असेल तर ३८ किलोहर्ट्झ. लिनक्सवर एलआयआरसी या रिमोटच्या प्रोग्रॅमच्या फायली असतात, फ्लिपर झीरो या हातातल्या छोट्या उपकरणाच्या फायलीत बटण, प्रोटोकॉल, पत्ता, आज्ञा साध्या अक्षरांत लिहिलेली असते. उसना घेतलेला प्रत्येक कोड तपासल्याशिवाय आपला मानू नका.

हे सगळं स्वतःजवळ ठेवा: पेन ड्राइव्हवर एक प्रत, दुसऱ्या घरी एक, आणि महत्त्वाच्या बटणांची कागदावर छापलेली. बाजारातले वायफायवरचे इन्फ्रारेड डबे बरेचसे कोड कंपनीच्या सर्व्हरवरून आणतात. शहरात ते चालतं. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्गाला घासून वर गेलं, आणि दोन्ही वेळा वीज परतल्यावरही कित्येक ठिकाणी नेटवर्कची वाट बघावी लागली.

परत पाठवून बघा

नोडएमसीयूच्या डी२ पिनपासून १ किलोओहममधून ट्रान्झिस्टरच्या बेसला वायर न्या. एमिटर ग्राउंडला. कलेक्टरला एलईडीचा आखूड पाय, लांब पाय ४७ ओहममधून ५ व्होल्टला. एलईडीतून साधारण ७० मिलिअँपिअर जातात, खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला ते पुरतात. एलईडी थेट पिनला जोडू नका, ती पिन एवढा करंट देण्यासाठी नाही. २एन२२२२ च्या काही उपप्रकारांत कलेक्टर आणि एमिटर उलटे असतात, म्हणून पाकिटावरचं पूर्ण नाव वाचून पाय ठरवा.

आधी पॉवर न पाठवता म्यूट पाठवा. त्याचा परिणाम लगेच दिसतो आणि पुन्हा पाठवला की पूर्ववत होतो. मग एकेक बटण, आणि समोर 'तपासला'ची खूण.

पॉवरचं बटण बहुतेक टीव्हींत पालटतं असतं, म्हणजे चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. आमच्याकडे लाईट दिवसातून दोनदा जाते-येते, मग टीव्ही कुठल्या अवस्थेत आहे ते बाहेरून सांगता येत नाही. बऱ्याच टीव्हींत 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे कोडही असतात, रिमोटवर त्यांची बटणं नसतात इतकंच. एनईसीत एका पत्त्यावर २५६ आज्ञा मावतात. दोन-दोन सेकंदांनी सगळ्या पाठवल्या तर नऊ मिनिटांत होतं. पण त्यातल्या काही आज्ञा कारखान्याचा सर्व्हिस मेनू उघडतात. तिथे चुकून बदललेली सेटिंग टीव्ही निकामी करू शकते. हे करायचंच असेल तर समोर बसून, एकेक आज्ञा हाताने पाठवून करा. अनोळखी मेनू उघडला की कशालाही हात न लावता टीव्हीचा प्लग काढा.

मूळ रिमोटच मेला असेल तर

सगळ्यात आधी शेजारी, नातेवाईक यांच्याकडे चौकशी करा. चवथीला चाकरमानी येतात तेव्हा वाडीतल्या प्रत्येक घरात माणसं असतात. त्या आठवड्यात मी बोर्ड आणि लॅपटॉप पिशवीत घेऊनच फिरतो. आरतीच्या आधी कोणाच्या ना कोणाच्या घरी तोच रिमोट निघतो. मात्र ज्याचा टीव्ही त्याला विचारूनच. इन्फ्रारेडला कुलूप नसतं, कोणाचंही उपकरण कोणीही चालवू शकतं, म्हणून विचारणं आपल्यावर येतं.

एसीसाठी बाजारात मिळणारा 'एकात हजार' म्हणतात तसा युनिव्हर्सल रिमोट आणा. त्याचं शोधण्याचं बटण दाबून धरलं की तो एकेक कोडसंच पाठवत जातो. एसीने बीप दिलं की थांबायचं. त्यानंतर कूल, ड्राय, पंखा सगळं खरोखर चालतं का ते बघा. पहिला बीप देणारा संच नेहमी पूर्ण जुळतोच असं नाही. जुळला की त्या युनिव्हर्सल रिमोटवरूनच सगळ्या स्थिती टिपा. सेल काढले की तो निवडलेला संच विसरू शकतो, तुमची वही विसरत नाही.

आजीच्या टीव्हीचे कोड असेच दुसऱ्या वाडीतल्या एका घरी सापडले. मग एका प्लास्टिकच्या डब्यात नोडएमसीयू, दोन एलईडी आणि पाच मोठी गोल बटणं बसवली: चालू-बंद, आवाज वर, आवाज खाली, चॅनेल पुढे, चॅनेल मागे. आवाज वरच्या बटणावर मेणबत्तीच्या मेणाचा एक टपोरा ठिपका दिला, अंधारात बोटाला कळावा म्हणून. डबा तिच्या खुर्चीच्या हाताला पट्ट्याने बांधलाय आणि चार्जरची वायर खुर्चीखालून नेलीय, म्हणजे सेल बदलायला कोणाची वाट बघायला नको. पाची कोडांचा कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय. उद्या हा बोर्ड गेला आणि मी मुंबईत असलो, तर मामेभाऊ त्या कागदावरून दुसरा तयार करील.